पाठीची फाईल

मिरजेच्या डॉक्टरांनी घरी सोडताना तीन गोष्टींना बंदी घातली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. मी तालुक्याच्या कचेरीत अभिलेखपाल आहे. माझं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर या तीन वाक्यांतले 'नाही' तेवढे खोडून मी तोच कागद पुढं केला असता.

"वजन किती चालेल?" मी विचारलं.

"दोन किलो. त्याच्या वर काही नको."

"म्हणजे दळणाचा डबा?" हिनं मध्येच विचारलं.

"नको."

"गॅसचा सिलिंडर नुसता सरकवायचा असला तर?"

"अजिबात नको."

मी चेहरा होता होईल तेवढा दुःखी ठेवला. लग्न झाल्यापासून जी कामं टाळण्यासाठी मी माझी सगळी बुद्धी झिजवली, ती आता एका एमएस झालेल्या माणसाच्या सहीशिक्क्यानिशी टळत होती. हा आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. घरी पोचल्यावर मोजे काढायचे होते. मोजे पायात होते आणि पाय खाली होते.

पाठ गेली कशी, हे सगळे विचारतात. खरं सांगायची लाज वाटते. अभिलेख कक्षात जुन्या फेरफारांचा एक बस्ता मी उचलला, मांडणीवर ठेवला, गाठ नीट केली. इथपर्यंत काहीही झालं नाही. मग हात झटकले, धूळ उडाली, आणि मी वाकलेल्या अवस्थेत शिंकलो. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. "काय उचललं होतं एवढं?" या प्रश्नाला "शिंक" हे उत्तर कुणाला देता येत नाही, म्हणून मी बस्त्याचं वजन सांगायला लागलो. पहिल्या आठवड्यात तो दहा किलोंचा होता. मेव्हण्याला सांगितला तेव्हा पंचवीसचा झाला. साहेब भेटायला आले तोवर ते लोखंडी कपाट झालं होतं आणि मी ते शासनाच्या हितासाठी एकट्यानं सरकवलं होतं.

ज्यांनी अभिलेख कक्ष पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दगडी खोली, लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेले बस्ते. शासनाच्या कागदांना वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा जपायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, आणि 'ड' वर्ग एक वर्ष सांभाळून नष्ट करायचा. नियमात कुठंही लिहिलेलं नाही, पण माणसाला लागतो तो कागद सगळ्यात खालच्या कप्प्यातच असतो. वरच्या कप्प्यातला कागद कुणी मागितल्याचं माझ्या नोकरीत मला आठवत नाही. उसण भरली तेव्हा मी माझं दुखणं 'ड' वर्गात टाकलं होतं. ते 'अ' निघालं.

आधी घरगुती उपाय झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, रुईची पानं गरम करून बांधून झाली. मग आईनं पायाळू माणूस शोधला. जन्मताना जो डोक्याऐवजी पायांनी जगात येतो, त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आमच्याकडं लहान पोरालासुद्धा माहीत असतं. गल्लीत पायाळू एकच, तोही तालमीतला. नव्वद किलोंचा गडी. मला उंबऱ्याकडं तोंड करून उभं केलं. त्यानं मारुतीचं नाव घेऊन डावा पाय हलकेच दोनदा माझ्या कमरेला टेकवला. अगदी बेतानं, पोराचा हात चांगला आहे म्हणजे पाय चांगला आहे असं मला वाटू लागलं. तिसऱ्या वेळी त्याचा तोल गेला.

दुसऱ्या दिवशी दुखणं कमरेतून निघून डाव्या मांडीत, पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत गेलं. आई म्हणाली, "बघ, उतरलं की नाही?"

एमआरआय झाला. मी नोंदींचा माणूस, त्यामुळं रिपोर्टबरोबर सगळी माहितीही घेतली. माणसाला तेहतीस मणके. त्यांतले खालचे नऊ एकमेकांना जुळलेले, म्हणजे कामाचे चोवीस सुटे. मणक्यांच्या मध्ये एकूण तेवीस गाद्या. लोक सांगतात तशी गादी 'सरकत' मात्र नाही. तिचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो. हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी नीट मांडून दाखवलं. त्याआधी शस्त्रक्रियेत असा गर सापडला की बरेचदा त्याला गाठ समजत. कमरेतली बहुतेकांची गादी शेवटच्या दोनपैकी एका ठिकाणी फाटते. माझी त्यांतल्या वरच्या ठिकाणी, चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये. तेवीस गाद्यांतून निवड करायची संधी असताना माझ्या पाठीनं सर्वसाधारण प्रवर्गातूनच अर्ज केला.

यात चांगली बातमी अशी, की बहुतेक लोकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत चाकूशिवाय कमी होतं. डॉक्टरांनी मलाही तेच सांगून परत पाठवलं होतं. पण एक दिवस स्टँडवर उतरून मी कचेरीपर्यंत चालत गेलो, आणि पायऱ्यांवर कचेरीच्या शिपाईमामांनी विचारलं, "भाऊसाहेब, डावी चप्पल?" चप्पल एसटीतच राहिली होती आणि पायाला पत्ता नव्हता. अंगठा वर उचलेना. मग मात्र डॉक्टरांनी फोनवरच विचारलं, "उद्या येता का?"

दाखल होताना एक शिकाऊ डॉक्टर फॉर्म भरत होता. "पूर्वी काही उपचार? मार लागला होता का?" मी नाही म्हणणार तेवढ्यात आईनं तालमीतल्या पोराची हकिगत पहिल्यापासून सांगितली. तो मन लावून लिहीत होता. इंग्रजीत काय लिहितोय ते तेव्हा मी विचारलं नाही.

शस्त्रक्रियेबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही, कारण त्या वेळी मी तिथं असून नसल्यासारखा होतो. दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं. पायातली कळ गेली होती. उठण्याची एक पद्धत शिकवली: उताणं असताना थेट उठायचं नाही, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांच्या जोरावर वर यायचं. नर्स म्हणाली, "ओंडका वळतो तसं वळा." मी वळलो. ही बाजूच्या बाईंना म्हणाली, "यांना शिकवायला लागलं नाही, घरी रविवारी असेच असतात."

घरी भेटायला माणसं आली. आपल्याकडं पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेपासून सुटका नाही. निम्म्या लोकांनी ती म्हणून दाखवली, उरलेल्यांनी अर्धी म्हणून "पुढं काय हो?" असं मला विचारलं. त्या कवितेतला पुरानं घर नेलेला विद्यार्थी सरांकडून पैसे घेत नाही, फक्त पाठीवर हात मागतो. तो मोठ्या मनाचा होता. माझ्या पाठीवर टाके होते. कविता संपता संपता जो तो भारावून हात पुढं करायचा आणि मी भिंतीकडं सरकायचो. आमचे एक निवृत्त गुरुजी तर इतके भारावले की हिनं मध्ये चहाचा ट्रे घातला म्हणून वाचलो.

रजा मी परिवर्तित घेतली होती. म्हणजे अर्धपगारी रजा दुप्पट खर्ची टाकून पूर्ण पगार मिळवायचा. आयुष्यभर साठवलेली रजा पाहता पाहता वितळली. हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. तो घेऊन मी आस्थापना शाखेत गेलो, तर तिथल्या बाईंनी माझं सेवापुस्तक काढलं. पहिल्या पानावर माझी उंची आणि ओळखीची खूण लिहिलेली असते. आता ही उंची सकाळची की संध्याकाळची, असं मी त्यांना विचारलं. कारण रात्री आडवं झाल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, आणि माणूस सकाळी एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. दिवसभरात ते पाणी पिळून निघतं. बाईंनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ओळखीच्या खुणेत पाठीवरचा व्रण वाढवावा का, असंही मी विचारलं. "पाठ दाखवून कोण ओळख पटवतं?" त्या म्हणाल्या. त्यांचं माझं फारसं जमत नाही.

कमरेच्या पट्ट्याची वेगळी अडचण होती. पट्टा शर्टाच्या आत बांधला तर लोकांना वाटायचं रजेत पोट सुटलं. बाहेरून बांधला तर एसटीत जागा मिळायची. डॉक्टरांनी तो थोडे दिवसच वापरायला सांगितला होता, नाहीतर पाठीचे स्नायू आळशी होतात म्हणून. माझे स्नायू माझेच, त्यांना नव्यानं आळशी काय व्हायचंय, असा विचार करून मी तो प्रवासापुरता चालू ठेवला.

एसटीत २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. गाड्या भरून वाहतात, आणि पन्नाशी उलटलेला पुरुष म्हणजे कुठल्याच सवलतीत न बसणारा, पूर्ण तिकीट काढून उभा राहणारा प्राणी. एकदा माझा पट्टा बघून ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा उठले. मी नको म्हणालो. ते म्हणाले बस. मी म्हणालो आजोबा, तुम्ही बसा. मागून आवाज आला, "अहो बसा की, म्हातारं किती वेळ उभं राहील!" बसलो. सीट नेमकी मागच्या चाकावरची. पुढचे सगळे गतिरोधक मी त्या सीटवर एकेक करून मोजले, आणि आजोबा दांडीला धरून ताठ उभे, मध्येच तंबाखू मळत होते. एका हातानं. गाडी वळणावर असताना.

खरं तर मला उभं राहणंच मानवतं, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे असं मला तेव्हा वाटत होतं. स्वीडनच्या अल्फ नाखेमसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहिलेल्या माणसाचा दाब १०० धरला, तर उताणं झोपलं की २५, खुर्चीत बसलं की १४०, आणि खुर्चीत बसून पुढं वाकलं की १८५. हे आकडे मुलीनं मला काढून दिले. मी ते मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले आणि अर्ज केला: 'विषय: उभे राहून कामकाज करणेकामी उंच टेबल मिळणेबाबत.' सोबत आकडे जोडले. अर्ज आस्थापनेकडून नाझरकडे गेला, नाझरकडून परत आला. शेरा होता: 'सदर उंचीचे टेबल जडवस्तू नोंदवहीत आढळून येत नाही. तथापि अर्जदार यांनी उभे राहण्यास या शाखेची हरकत नाही.'

मग मामांनीच मार्ग काढला. कुंपणाच्या भिंतीच्या उरलेल्या विटा आणून त्यांनी टेबलाच्या पायांखाली घातल्या. टेबल वर आलं, पण जरा जास्तच. ते कमी करायला कुणी तयार होईना, म्हणून माझ्या पायांखालीही एकेक वीट आली. पाठीला आराम म्हणून मी अधूनमधून दोन्ही हात कमरेवर ठेवायचो. विटेवर उभा, कर कटीवर, समोर लोकांची रांग. दुपारपर्यंत सगळ्या कचेरीत माझं नाव पांडुरंग झालं. आषाढीला टेबलावर कुणीतरी तुळशीची माळ ठेवली. रेशनकार्डाच्या रांगेतून चुकून इकडं आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ती बघून सवयीनं हात जोडले. मी त्यांना पुरवठा शाखा दाखवली.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिला मी नाखेमसन ऐकवला. ती म्हणाली, "काका, ते जुनं झालं. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत मोजलंय. एका माणसाच्या गादीत दिवसरात्र यंत्र ठेवून. उभं राहिल्यावर ०.५० मेगापास्कल आणि आरामात बसल्यावर ०.४६. बसल्यावर कमीच भरलाय." मी गप्प झालो. विटा, अर्ज, नाझरचा शेरा, पांडुरंग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "मग करायचं काय?" मी विचारलं. "सारखं बदलत राहायचं. बसायचं, उठायचं, चार पावलं चालायचं." म्हणजे जागेवर सापडायचं नाही. सरकारी नोकराला हे ऑपरेशन करून शिकवावं लागतं, हे ऐकून आमच्या अव्वल कारकुनांना फार हसू आलं.

त्याच विल्के मंडळींनी म्हणे शिंकेचाही दाब मोजलाय. मला त्या माणसांबद्दल एकदम आपुलकी वाटली. शिंक हे उत्तर मान्य करणारं कुणीतरी भेटलं.

कचेरीतलं स्वच्छतागृह भारतीय बैठकीचं आहे. यावर मी जास्त लिहीत नाही. समोरच्या बँकेच्या नव्या शाखेत कमोड आहे असं कळल्यावर मी तिथं खातं उघडलं, एवढंच सांगतो.

वाकायला बंदी असलेल्या माणसासाठी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं एक युक्ती शिकवली होती. एका हातानं काहीतरी धरायचं, पाठ सरळ ठेवून पुढं झुकायचं, आणि त्याच वेळी एक पाय मागं हवेत उचलायचा. मोकळ्या हातानं खालची वस्तू घ्यायची. गोल्फ खेळणारे खड्ड्यातला चेंडू असा उचलतात म्हणे. आमच्या तालुक्यात खड्डे मुबलक आहेत, पण त्यांतून कुणी चेंडू काढत नाही, त्यामुळं हा प्रकार इकडं कुणी पाहिलेला नव्हता.

एक दिवस मामा रजेवर होते. एक शेतकरी बाबा कूळकायद्याच्या वेळचा फेरफार मागायला आले. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कूळ जमिनीचा मालक मानला गेला, आणि तेव्हापासूनचे वाद सोडवायला माणसं आजही माझ्याकडं येतात. बस्ता अर्थातच तळच्या कप्प्यात. बाबा म्हणाले, "मी काढतो की." पण बाहेरच्या माणसाला अभिलेखाला हात लावू देणं नियमात बसत नाही, आणि माझ्यात नको तेव्हा नियम संचारतो. मी डाव्या हातानं मांडणी धरली, झुकलो, उजवा पाय मागं उचलला. बस्त्याच्या गाठीला बोटं पोचली. ओढला. अनेक वर्षांची धूळ एकदम वर आली आणि नाकात शिरली.

वाकून शिंकायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. शिंक येतेय असं वाटलं की सरळ उभं राहून कशाला तरी घट्ट धरायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी बस्ता सोडला, मांडणीला दोन्ही हातांनी मिठी मारली, तोंड वर केलं, डोळे मिटले. घाईत उजवा पाय खाली घ्यायचा राहिला. शिंक येईना आणि जाईना. तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. वार्षिक दप्तर तपासणी होती, आणि आमचे साहेब प्रांतसाहेबांना म्हणत होते, "हा आपला अभिलेख कक्ष. आणि हे..." इथं ते थांबले.

"काय करताहेत हे?" प्रांतसाहेबांचा आवाज.

"कागद सोधत्यात," बाबांनी माझ्या वतीनं खुलासा केला. "मघाधरनं."

मग मी शिंकलो. मांडणी हलली. वरच्या कप्प्यातले बस्ते, ज्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नव्हतं, ते एकामागून एक खाली आले. पाठीला काही झालं नाही. कृषक दिनाचा फेरफारही मिळाला, आणि तो वरच्या कप्प्यातूनच पडला. तपासणी अहवालात शेरा आला: 'अभिलेखपाल यांची अभिलेखांशी जवळीक समाधानकारक आहे. धुळीबाबत कार्यवाही करावी.'

मध्यंतरी उपचाराच्या खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव मी सादर केला होता. देयकं, औषधांच्या पावत्या, एमआरआयची फिल्म, प्रमाणपत्रं, सगळं तीन प्रतींत. पुरवठा शाखेत जप्त केलेला एक वजनकाटा पडून आहे. सहज म्हणून मामांनी फाईल त्यावर ठेवली. दोन किलो सातशे ग्रॅम. म्हणजे माझ्या पाठीची फाईल उचलायला माझ्याच पाठीला वैद्यकीय मनाई होती. मामांनी ती जावक शाखेत नेऊन दिली.

बरेच महिने काही कळलं नाही. मग वरच्या कचेरीतून पत्र आलं. फाईलमध्ये त्रुटी होत्या. पहिल्या काही नेहमीच्या: पानांना क्रमांक नाहीत, एका पावतीवरची तारीख पुसट आहे. सातवी अशी होती: 'रुग्णालयाच्या कार्डात शेजाऱ्याने कमरेवर लाथ मारल्याचे नमूद आहे. याबाबत पोलिसांत गुन्हा दाखल आहे काय? असल्यास प्रथम खबरी अहवालाची साक्षांकित प्रत जोडावी. नसल्यास का नाही, याचा खुलासा करावा. अर्जदाराने समक्ष येऊन फाईल घेऊन जावी.'

समक्ष गेलो. तिथल्या शिपायानं ती स्टँडपर्यंत आणून एसटीच्या सीटवर ठेवून दिली. मी शेजारी उभा राहिलो. गाडी भरत गेली.

"फाईल कुणाची?" कंडक्टर.

"माझी."

"मग मांडीवर घ्या नि बसा, न्हायतर सीट सोडा. सामानाला सीट नसती."

"मला उचलायला बंदी आहे."

"मग आणली कशी?"

याचं उत्तर लांबलचक होतं आणि कंडक्टरला तिकिटं फाडायची होती. शेवटी खिडकीतल्या आजोबांनी फाईल मांडीवर घेतली आणि तिथं एक लेकुरवाळी बसली. आजोबांना वेळ जाईना. त्यांनी नाडी सोडली. आत एमआरआयची फिल्म. ती त्यांनी उजेडाला धरली. मागच्या दोन सीटवरची माणसं पुढं झुकली.

"ही तुमची व्हय? काय दिसतंय यात?"

"चौथ्या-पाचव्यात गॅप हाय," मागून एक जण म्हणाला. त्याच्या साडूचं असंच झालं होतं.

कार्ड इंग्रजीत होतं, ते आजोबांनी शेजारच्या कॉलेजच्या मुलीकडं दिलं. तिनं मोठ्यानं वाचून मराठी केलं. वय, वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, सगळं झालं. बद्धकोष्ठतेची तक्रारही झाली. मग ती अडखळली. "शेजाऱ्यानं... कमरेवर लाथ मारली?"

गाडीत शांतता पसरली.

"बांधावरनं असंल," आजोबा म्हणाले.

"केस केली न्हाई?" लेकुरवाळीनं विचारलं.

"तसं नाही हो. तो पायाळू होता," मी म्हणालो.

"हां!" गाडीभर सुटकेचा आवाज झाला. मग बरोबर आहे. मग लाथच पाहिजे. पण तीन वेळा मारली होती का? उंबऱ्यावर उभं केलं होतं का? शनिवार होता का? मंगळवार होता असं मी सांगितलं, आणि माझी पाठ का गेली हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मंगळवारी उलटतं. आजोबांनी दोन मणक्यांवर बोट ठेवून मागच्यांना समजावलं, आणि फिल्म पुढं ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत फिरून आली.

"मग अजून दुखतंय का?" कंडक्टरनं विचारलं. त्याची तिकिटं संपली होती.

"थोडं. बसलं की."

"आज शनिवार हाय," आजोबा म्हणाले.

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन गळ्यातून काढलं आणि लेकुरवाळीकडं धरायला दिलं. "मी बी पायाळूच हाय," तो म्हणाला. "या हिकडं दाराशी. पाठ करा."

पुढचा थांबा माझा नव्हता. तरी मी उतरलो.

फाईल गाडीतच राहिली. ती दोन दिवसांनी आगारात मिळाली. वाहतूक नियंत्रकांनी रजिस्टरात 'एक फाईल, सुतळीसह' अशी नोंद करून पोहोच घेतली, आणि मामांनी ती सायकलवरून आणली. त्रुटींची पूर्तता करायला उघडली, तर आत वहीचा एक कागद टाचणीनं लावलेला होता. त्यावर पेन्सिलीनं एका हाडवैद्याचं गाव, येण्याचा वार आणि 'नारळ घेऊन येणे' एवढं लिहिलेलं. पानांना क्रमांक घालायचेच होते. मी त्यालाही घातला, पान १४३. फाईल पुन्हा वर गेली आणि पुन्हा परत आली. या वेळी सदतीस पानांवर त्रुटी आहेत. १४३ वर एकही नाही.